बेरेनीकेची हाडं: खाल्लेली आणि पुरलेली

वाळवंटाच्या काठी वसलेल्या बंदरात मांजर पाळायला काय लागतं? गावात गोडं पाणी नाही. ते काही किलोमीटरवरच्या विहिरींवरून आणायचं. गहू, तेल, मद्य सगळं नाईलकाठच्या कोप्टोसहून उंटांवर लादून येणार. ती वाट रोमन लेखक प्लिनीच्या हिशेबाने बारा दिवसांची, आणि उन्हापायी बरीचशी रात्रीच चालायची. अशा ठिकाणी दात पडलेलं म्हातारं कुत्रं जगवणं किंवा परदेशातून आणलेल्या माकडाला रोज खाऊ घालणं ही हौस स्वस्तातली नव्हे. तरीही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात तांबड्या समुद्रावरच्या बेरेनीके या बंदरातल्या लोकांनी ती केली. जनावर मेल्यावर त्याच्यासाठी खड्डा खणून त्याला नीट पुरलंही.

बेरेनीके इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे आहे, रास बनास या भूशिराच्या आडोशाला. टॉलेमी दुसरा याने इसवी सनापूर्वी 275 च्या सुमारास ते वसवलं आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं. इसवी सनाच्या सहाव्या शतकात ते ओस पडलं. बेल्झोनी या इटालियन भटक्या शोधकाने 1818 मध्ये त्याचे अवशेष ओळखले. मात्र पद्धतशीर उत्खनन सुरू व्हायला 1994 उजाडावं लागलं. स्टीव्हन साइडबॉटम आणि विलेके वेंड्रिख यांनी ते सुरू केलं, आणि पुढे वॉर्सा विद्यापीठाच्या पोलिश पथकाने त्यात हात घातला. मराठी वाचकाने या गावात रस घ्यावा याला कारण आहे. इथून जुलैत सुटलेली गलबतं मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. इथल्या सेरापिसच्या देवळाच्या अंगणात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. जुन्या जहाजांचं सागवान इथल्या घरांच्या बांधकामात वापरलेलं दिसलं. 2022 मध्ये तर इथल्या इसिसच्या देवळात बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली.

मिरी, सागवान, बुद्ध यांच्या बातम्या होतात. हाडांच्या क्वचितच. आणि हाडांचा अभ्यासही बराच काळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: लोक काय खात होते? प्रश्न योग्यच आहे, पण तो अर्धा आहे. कोणत्याही शहरात हाडं दोन वाटांनी जमिनीत जातात, काही ताटातून आणि काही हातांनी पुरून. पहिल्या वाटेची हाडं पुरवठ्याचा आणि बाजाराचा हिशेब देतात. दुसऱ्या वाटेची हाडं सांगतात की त्या हिशेबातून बाहेर काढून लोकांनी कुणावर खर्च केला. बेरेनीकेत दोन्ही वाटांची हाडं भरपूर मिळाली आहेत, म्हणून ते गाव या विषयासाठी मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

गावाचा जन्मच एका जनावरापायी झाला, हेही इथे सांगून टाकावं. टॉलेमींना युद्धासाठी हत्ती हवे होते. भारतीय हत्तींची वाट त्यांचे वैरी सेल्युकिड अडवून बसले होते. मग पूर्व आफ्रिकेतले हत्ती पकडून जहाजांवर चढवायचे आणि बेरेनीकेला उतरवायचे असा उद्योग सुरू झाला. इसवी सनापूर्वी 224 मधल्या एका पपायरसवरच्या पत्रात हत्ती वाहणारं जहाज बुडाल्याचा उल्लेख आहे. ज्यांच्यासाठी पत्र लिहिलं त्यांना धीर दिला आहे की बेरेनीकेला दुसरं जहाज जवळपास तयार झालंय, धान्य घेऊन लवकरच निघेल. एवढा खटाटोप करून मिळालेले हत्ती राफियाच्या लढाईत, इसवी सनापूर्वी 217 मध्ये, समोरच्या भारतीय हत्तींना बिचकले, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. लढाई मात्र टॉलेमींनीच जिंकली.

आता ताटाकडे. बेरेनीकेच्या कचऱ्यातल्या हाडांचं वाचन 1990 च्या दशकात विम व्हान नीर, अँटन एर्विंक आणि त्यांच्या बेल्जियन सहकाऱ्यांनी केलं. हे काम दिसतं त्याहून किचकट आहे. एका शेळीची तीस हाडं सापडली म्हणजे तीस शेळ्या झाल्या नाहीत. म्हणून एकीकडे तुकडे मोजायचे, दुसरीकडे कमीत कमी किती जनावरं असतील तेही मोजायचं, आणि दोन आकड्यांमध्ये कुठेतरी सत्य आहे असं धरून चालायचं. मेंढी आणि शेळी यांची बहुतेक हाडं इतकी सारखी की अहवालात त्यांचा एकच रकाना करावा लागतो. मासळीचं तर सगळं चाळणीवर अवलंबून. मोठ्या भोकांची चाळणी वापरली की बारीक काटे मातीबरोबर जातात आणि समुद्रकाठचं गाव मटणावर जगत होतं असा निष्कर्ष निघतो. जुन्या उत्खननांचे अहवाल वाचताना ही शंका मनात ठेवावीच लागते.

बेरेनीकेत चाळणी बारीक होती, म्हणून समुद्र पानात उतरलेला दिसतो: बोई, गोब्रा, पोपटमासा, वाळूतले शिंपले, कधी समुद्री कासव आणि समुद्रगायही. याच समुद्राचा पोपटमासा वाळवंटात आत, मॉन्स क्लॉडियानुससारख्या रोमन दगडखाणींच्या वस्तीवरही पोचत होता. म्हणजे कोळी फक्त स्वतःच्या पोटापुरतं पकडत नव्हते. आणि उलट दिशेनेही मासा येत होता. समुद्र दारात असताना बेरेनीकेच्या लोकांनी नाईलमधला मांगूर बारा दिवसांच्या वाटेने मागवून खाल्ला. हा मांगूर तोच, जो आपल्याकडे ‘थाई मांगूर’ या नावाने बदनाम आहे आणि ज्याच्या पालनावर बंदी आहे. ताजी मासळी हाताशी असताना वाळवलेला नदीचा मासा कोण मागवतो? ज्याच्या जिभेला गावाकडची चव हवी आहे तो. नाईलकाठून नोकरीला आलेला शिपाई, कारकून, हमाल. मुंबईत बांगडा स्वस्त मिळत असताना देशावरून सुकी मासळी मागवणारं घर ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डुकराचंही तसंच. रोमन अमलाच्या पहिल्या काळात डुकराची हाडं लक्षात येण्याजोगी आहेत. डुक्कर हे वाळवंटातून हाकत नेण्याजोगं जनावर नव्हे. ते गावातल्या उकिरड्यावर वाढवावं लागतं किंवा खारवून आणावं लागतं. दोन्ही प्रकार भूमध्यसमुद्राकडच्या माणसांच्या सवयीचे. युरोपातली खायची गोगलगायही इथे पोचली होती. मग चौथ्या-पाचव्या शतकात चित्र पालटतं. डुक्कर मागे पडतं, शेळ्यामेंढ्या आणि उंट वाढतात. रोमन साम्राज्याचा हात ढिला झाला आणि पूर्वेकडच्या वाळवंटातल्या पशुपालक टोळ्या, ज्यांना ग्रीक लेखक ब्लेम्मी म्हणतात, त्या गावात मुरल्या. शिलालेखांत हा बदल उशिरा आणि तुटक दिसतो. उकिरड्यावर तो सरळ दिसतो. एखाद्या गावाचा धनी बदलला हे राजाच्या नावाआधी त्याच्या उकिरड्यावरून कळतं, असं म्हणायचा मोह होतो. पण जपून: पुरवठ्याची वाट तुटली तरी ताट बदलतं, माणसं तीच राहिली तरी. हा बदल आधी पुरवठ्याचा म्हणून पाहावा, तेच शहाणपणाचं.

ताट आणि पुरणं यांच्या मध्ये एक तिसरा प्राणी येतो, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं. काळा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. धान्याच्या गलबतांतून तो पश्चिमेकडे पसरला आणि रोमन जगात मुरला. बेरेनीकेच्या उत्तरेला मायोस होर्मोस हे दुसरं रोमन बंदर होतं, आजचं कुसैर अल-कदीम. तिथून दरवर्षी 120 जहाजं भारताकडे निघत, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबो म्हणतो. तिथे उत्खननात एका मांजराचा सांगाडा मिळाला, कापडात गुंडाळून पुरलेला. आंजेला फॉन डेन ड्रिश आणि योआखिम बॉएस्नेक यांनी 1983 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या मांजराच्या पोटाच्या जागी अनेक काळ्या उंदरांची हाडं होती. ही एकच गोष्ट मला सगळ्या वादाची किल्ली वाटते. हे मांजर कामाचं होतं की लाडाचं? पोटातले उंदीर म्हणतात कामाचं. अंगावरचं कापड म्हणतं लाडाचं. दोन्हींत विरोध आहे असं मानण्याचं कारणच नाही. मांजर पाळणाऱ्या कुठल्याही घरात ही वाटणी कुणी करत नाही.

बेरेनीकेतली पुरलेली जनावरं पहिल्यांदा 2011 मध्ये लक्षात आली, गावाच्या वेशीबाहेर, रोमन काळातल्या कचऱ्याच्या ढिगाखाली. जागेमुळे प्रथमदर्शनी शंका हीच की मेलेली जनावरं कचऱ्यात टाकली. पण मार्ता ओसिपिन्स्का या पोलिश संशोधिकेने सांगाडा न् सांगाडा वेगळा काढला, तेव्हा खड्डे वेगवेगळे निघाले. जनावरं झोपल्यासारखी निजवलेली. काहींवर कापड, काहींवर मडक्याचं खापर. काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टा, काहींच्या गळ्यात काचेच्या आणि शिंपल्यांच्या मण्यांची माळ. 2016 मध्ये सुमारे शंभर जनावरांचा पहिला अहवाल आला. 2021 मध्ये आकडा 585 वर गेला: 536 मांजरं, 32 कुत्रे, 15 माकडं, एक कोल्हा आणि एक ससाणा. नंतरच्या हंगामांत माकडांची संख्या तिसाच्या वर गेली आहे. एकालाही ममी केलेलं नाही, आणि मुद्दाम मारल्याच्या खुणा नाहीत.

आता एक कुत्रा जवळून पाहू. थोराड बांध्याचा, आसपासच्या कुत्र्यांसारखा नाही. बाहेरून आणलेला असणार. ताडाच्या पानांच्या चटईत गुंडाळलेला आणि वर मद्याच्या फुटक्या कुंभाचे दोन अर्धे उलटे ठेवलेले. हाडांत कॅन्सरच्या गाठीच्या खुणा. पोटाच्या जागी शेवटच्या जेवणाचे अवशेष, मासा आणि शेळीचं मांस. हाडाचा कॅन्सर झालेला कुत्रा स्वतः शिकार करत नाही. त्याला कुणीतरी वाढलं. इतर कुत्र्यांतही दात गळालेले, हिरड्या खराब झालेल्या, सांधे झिजलेले म्हातारे बरेच आहेत. बिनदातांच्या कुत्र्याला मऊ करून घालावं लागतं. बारा दिवसांच्या वाटेने धान्य येणाऱ्या गावात ही खूण माझ्या मते कुठल्याही माळेपेक्षा बोलकी आहे. माळ विधीचाही भाग असू शकते. बिनदातांच्या कुत्र्याला रोज भरवणं हा विधी नसतो.

‘जगातलं सर्वांत जुनं पाळीव प्राण्यांचं स्मशान’ असा मथळा वर्तमानपत्रांनी लगेच दिला. तो थोडा बाजूला ठेवावा. भूमध्यसमुद्रावरच्या अश्कलोन या बंदरात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली हजारावर कुत्र्यांची दफनं सापडली आहेत, बेरेनीकेहून पाच-सहाशे वर्षं जुनी. तीही एकेक करून, कुशीवर निजवून, शेपूट पायांजवळ नीट सारून. मात्र त्यांच्या अंगावर काही नाही आणि बहुसंख्य पिल्लं आहेत. उत्खनन करणारे लॉरेन्स स्टेगर यांना हे फिनिशियन आरोग्यदेवतेचे पवित्र कुत्रे वाटले. हाडं वाचणाऱ्या पॉला वापनिश आणि ब्रायन हेस यांनी वयाचं प्रमाण तपासून सांगितलं की हे शहरातल्या मोकाट कुत्र्यांच्या मृत्यूसारखं दिसतं. त्याच हाडांवरून दोन उलट निष्कर्ष! मी हेस-वापनिश यांच्या बाजूचा, पण मग प्रत्येक कुत्र्यामागे वेगळा खड्डा कुणी आणि का खणला, हा प्रश्न त्यांनाही सुटत नाही.

इजिप्तची पार्श्वभूमी तर आणखी भारी. तिथे मांजरांच्या ममी लाखांनी होत. 1890 मध्ये बेनी हसनहून साडेएकोणीस टन मांजरममी लिव्हरपूलला खत म्हणून विकायला गेल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या ममींची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा दिसलं की कित्येक मांजरं लहान वयात मान मोडून मारली होती. भक्तांना नवस फेडायला ममी हवी, म्हणून मांजरं वाढवायची आणि ठरावीक वयात मारायची. तो धंदा होता. बेरेनीकेत त्यातलं काहीच नाही. ममी नाही, मारणं नाही, देवाचं नाव नाही. म्हणून इथल्या मांजरांना देवाची म्हणायला आधार उरत नाही. जहाजावरचे उंदीर मारणारी आणि घरात वावरणारी मांजरं एवढंच म्हणता येतं, आणि ते पुरेसं आहे. क्लाउदियो ओत्तोनी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जुन्या मांजरांच्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बेरेनीकेच्या मांजरांत आशियाई रानमांजराच्या मातृवंशाची खूण मिळाली. ती कुठून आली असेल याला फार तर्क नको. भारताकडून येणाऱ्या गलबतांत मांजरंही उंदरांइतकीच प्रवासी होती.

माकडांचं प्रकरण सगळ्यांत रंजक, आणि आपल्याला सगळ्यांत जवळचं. आधी ही आफ्रिकी माकडं असावीत असं धरलं होतं. इजिप्तच्या चित्रांत आफ्रिकी माकडं भरपूर आहेत, तेव्हा ते साहजिकच. कवट्यांचं त्रिमितीय स्कॅनिंग करून तुलना केली तेव्हा निघालं भारतीय मकाक: ऱ्हीसस, म्हणजे उत्तरेतलं लाल तोंडाचं माकड, आणि डोक्यावर केसांची टोपी असलेलं आपलं दक्षिणी माकड. आफ्रिकी हिरवं माकड आणि मकाक यांचा फरक जबड्यातही दिसतो. खालच्या शेवटच्या दाढेला मकाकात मागे एक पाचवा उंचवटा असतो, आफ्रिकी माकडाच्या त्या दाढेला तो नसतो. अर्थात ती दाढ उगवण्याआधी माकड मेलं तर हा पुरावाच हातात येत नाही, मग कवटीकडे वळावं लागतं.

इथे मला एक गोष्ट मांडावीशी वाटते. ऱ्हीसस आणि टोपीमाकड यांच्या मुलखांची शीव आज ढोबळपणे पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी आहे. मुंबई-पुण्याकडची माकडं टोपीवाली. म्हणजे बेरेनीकेत ऱ्हीसस निघालं तर ते बहुधा भडोचसारख्या तापीच्या उत्तरेकडच्या बंदरातून किंवा सिंधूच्या मुखाकडून चढलं असणार. टोपीमाकड निघालं तर कोकण ते मलबार या पट्ट्यातून. कवटी ओळखणं म्हणजे व्यापाराचं बंदर ओळखणं. मात्र ही शीव दगडावरची रेघ नाही. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपीमाकडाला मागे रेटतंय, हे भारतीय अभ्यासकांनी नोंदवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ती नेमकी कुठे होती हे धरून चालता येणार नाही.

कागदपत्रांत या माकडांचा पत्ता नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पुस्तकात भडोचहून निघणाऱ्या मालाची यादी आहे: हस्तिदंत, अकीक, सुती कापड, लांब पिंपळी वगैरे. जिवंत प्राणी नाही. गंमत म्हणजे तोच लेखक ‘दखिनाबादेस’, म्हणजे दक्षिणापथाच्या, आपल्या देशावरच्या जंगलांबद्दल लिहिताना वाघ, बिबटे, हत्ती, तरस आणि नाना जातींच्या माकडांचा उल्लेख करतो. माकडं त्याला माहीत होती. ती मालात धरली नव्हती. मलबारातल्या मुझिरिस बंदराच्या व्यापाराबद्दलच्या प्रसिद्ध पपायरसमध्येही जटामांसी, हस्तिदंत, कापड आहे, माकड नाही. म्हणजे ही माकडं व्यापाराचा माल नसून कुणीतरी हौसेने, वैयक्तिक सामानात आणली. पाच-दहा आठवड्यांचा समुद्रप्रवास त्यांनी कसा काढला असेल कोण जाणे. पोचल्यावरही त्यांचं फारसं भलं झालं नाही. ताजी फळं-भाज्या न मिळाल्याच्या खुणा त्यांच्या हाडांवर आहेत. एका पिल्लाला लोकरी कापडात लपेटून, डोक्याजवळ मोठे शिंपले ठेवून निजवलं होतं. लाड होता आणि उपासमारही होती. संशोधकांचा अलीकडचा रोख असा की मालक गावात नेमलेले रोमन लष्करी अधिकारी असावेत. पगारदार, घरापासून लांब, हाताखाली माणसं असलेला वर्ग. बसतं खरं, पण व्यापारी आणि तांडेल यांना वगळण्याइतका पुरावा मला अजून दिसत नाही.

लाड आणि विधी यांत गोंधळ होऊ नये म्हणून याच गावातलं एक उत्तरकालीन देऊळ आठवावं. चौथ्या ते सहाव्या शतकातल्या त्या देवळात पंधरा ससाणे पुरलेले मिळाले, बहुतेकांची डोकी काढलेली. शेजारी एक लोखंडी हारपून आणि एक कोरीव शिळा, जिच्यावर इथे डोकं शिजवणं योग्य नव्हे अशा अर्थाची ताकीद आहे. 2022 मध्ये बार्सिलोनाच्या पथकाने हे प्रसिद्ध केलं. ब्लेम्मींच्या काळात जुन्या इजिप्शियन ससाण्याच्या पूजेने असं रूप घेतलं होतं. विधी जेव्हा असतो तेव्हा तो असा दिसतो: एक जात, एक पद्धत, एक ताकीद. चारशे वर्षांआधीच्या मांजरांच्या खड्ड्यांत ही शिस्त नाही. तिथे प्रत्येक खड्डा वेगळा आहे, आणि तेच त्यांचं साक्षीदारपण.

आपल्या बाजूने मात्र साक्ष फारच तोकडी. पेरिप्लसमध्ये सोपारा, कल्याण, चौल यांची नावं आहेत. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये स्तूप उकलला. चौलला डेक्कन कॉलेजने खणलं. हाडांचं शास्त्र आपल्याकडे नाही असंही नाही: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर यांनी इनामगावसारख्या ठिकाणांच्या हाडांवर आयुष्यं घातली. अडचण मातीची आहे. बेरेनीकेच्या कोरड्या वाळूत दोन हजार वर्षांपूर्वीची चटई टिकते, कापड टिकतं, मिरीचा दाणा टिकतो. कोकणातली जांभ्याची आम्लयुक्त माती आणि तीन हजार मिलिमीटरचा पाऊस हाड विरघळवतात; देशावरच्या काळ्या मातीत इनामगावला जे जमलं ते चौलला त्याच प्रमाणात जमत नाही. म्हणून भडोच किंवा चौलच्या धक्क्यावर माकड पिंजऱ्यात कोंडून गलबतावर कसं चढवलं गेलं, कुणी विकलं, कितीला विकलं, याचा दुवा निदान हाडांतून शोधायचा तर तो तांबड्या समुद्राच्या काठीच शोधावा लागेल. तिथल्या माकडांच्या दातांतल्या स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर मोजलं तर जनावर दख्खनच्या बेसाल्टवर वाढलं की केरळच्या जुन्या खडकांवर, हे ढोबळपणे कळू शकतं, कारण या दोन खडकांचा ठसा वेगळा असतो. ती तपासणी झाली तर पेरिप्लसने मालाच्या यादीत न धरलेल्या एका प्रवाशाचं मूळ बंदर त्याच्या दाढेवरून ठरवता येईल.